टाकी भरलेली, इंजिन उपाशी

सांवेर तालुक्यातल्या आमच्या शेतावर सोयाबीन निघाले होते आणि बटाट्यासाठी जमीन तयार करण्याची घाई चालू होती. त्याच दिवसांत रोटाव्हेटर ओढताना ट्रॅक्टर दबू लागला. ट्रॅक्टर पंचावन्न अश्वशक्तीचा, कॉमन रेल इंजिनाचा (म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना उच्च दाबाचे डिझेल एकाच सामाईक नळीतून, रेलमधून, देणारा), २०२३ मध्ये घेतलेला आणि त्या वेळी वॉरंटीतून नुकताच बाहेर पडलेला होता. सकाळी काम सुरू केले की तासभर तो काहीही तक्रार न करता चाले. पीटीओच्या, म्हणजे औजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या, मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी इंजिन १,८०० आरपीएमच्या आसपास ठेवलेले असे आणि काळ्या मातीतही काटा तिथून फारसा हलत नसे. मग हळूहळू काटा १,६५०, १,५५०, १,४५० असा खाली येऊ लागे, पॅनेलवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागे आणि त्यानंतर अॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन लोड घेत नसे. बंद करून चहापाण्यापुरते थांबले की पुन्हा सुरू करताच ते जवळजवळ पूर्ववत चाले, पण काही वेळाने तोच प्रकार घडे. रिकामा ट्रॅक्टर रस्त्यावर मात्र टॉप गिअरमध्ये व्यवस्थित धावत होता.

मी राहतो इंदूरला. शेताची रोजची व्यवस्था माझे थोरले चुलतभाऊ पाहतात. माझी नोकरी पीथमपूरच्या कारखान्यात पंप आणि कॉम्प्रेसर यांच्या देखभालीत गेली, त्यामुळे यंत्र बिघडले की दादांचा फोन मला येतो. उज्जैन रस्त्याने सांवेर तीसेक किलोमीटर आहे, म्हणून ते दिवस मी बरेचसे शेतावरच काढले.

ताकद कमी झाली असे म्हणताना ती खरोखर इंजिनाचीच कमी झाली आहे का, हा पहिला प्रश्न. क्लच घसरत असेल तर इंजिनाचे आरपीएम टिकून राहतात आणि चाकांचा किंवा पीटीओचा वेग पडतो; आमच्याकडे आरपीएमच पडत होते, म्हणजे क्लच निर्दोष होता. उलट औजारच जड झाले असेल तरीही आरपीएम पडतात. म्हणून रोटाव्हेटर वर उचलून, इंजिन बंद ठेवून आणि पीटीओ शाफ्ट सोडवून रोटर हाताने फिरवला, गिअरबॉक्समधले तेल पाहिले आणि टोकाच्या बेअरिंगला हात लावला. काम करून आलेले बेअरिंग कोमट होते, तापलेले नव्हते. ब्रेक धरून राहतात का, तेही सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये ढकलून पाहिले. या सगळ्याला फार वेळ लागला नाही, पण दोष इंजिनातच शोधायचा हे त्यातून पक्के झाले.

त्यानंतर धूर पाहिला. डिझेल इंजिन लोडखाली दबत असताना काळा धूर सोडत असेल, तर डिझेल मिळते आहे आणि हवा कमी पडते आहे: एअर क्लीनर चोंदलेला, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा होज फाटलेला किंवा जळलेला वायू थोडा परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकलेला. पांढरा धूर न जळलेले डिझेल किंवा पाणी सुचवतो, आणि निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. आमचा ट्रॅक्टर दबत असताना सायलेन्सरच्या तोंडाशी जवळजवळ काहीच दिसत नव्हते. आता ट्रेम स्टेज ४ च्या, म्हणजे ट्रॅक्टरांच्या प्रदूषणाचे नवे निकष पाळणाऱ्या, इंजिनांच्या बाबतीत या धुराच्या परीक्षेवर पूर्ण विसंबता येत नाही. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना हे निकष १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले आणि त्यासाठी आमच्या ट्रॅक्टरवर डीपीएफ हा धुराचा फिल्टर बसवलेला आहे, जो काजळी वाटेतच अडवतो. त्यामुळे हवेचा मार्ग स्वतंत्रपणे तपासणे भाग होते. एअर क्लीनरचे बाहेरचे एलिमेंट काढून पाहिले, धूळ बाहेर टाकणारा खालचा रबरी व्हॉल्व्ह दाबून रिकामा केला, टर्बोनंतरच्या होजच्या सांध्यांवर साबणाचे पाणी मारून इंजिन चढवून पाहिले. कुठेही बुडबुडा आला नाही. आतले लहान एलिमेंट मी काढलेही नाही, कारण ते कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करण्याची जी पद्धत गावोगाव चालते, तिने त्याचा कागद विरतो आणि धूळ थेट टर्बोत जाते.

गावात सगळ्यांचा संशय डीपीएफवर होता. नवे दिसते ते दोषी, हा आपल्याकडचा जुना न्याय आहे, आणि पन्नासच्या आतले ट्रॅक्टर घेण्याकडे लोकांचा जो ओढा आहे त्यामागेही हीच धास्ती आहे. डीपीएफ चोंदल्याने ताकद कमी होते हे खरेच आहे, विशेषतः रीजनरेशन, म्हणजे अडकलेली काजळी जाळून टाकण्याची क्रिया, चालू असताना चालकाने वारंवार इंजिन बंद केले तर. पण तसे होताना रीजनरेशनचा दिवा लागतो, आणि चोंदलेला डीपीएफ चहा पिऊन येईपर्यंत आपोआप मोकळा होत नाही. थांबल्यावर बरा होणारा दोष कुठे असू शकतो, याच प्रश्नावर मी लक्ष ठेवले.

वर्कशॉपमधल्या मुलाने लॅपटॉप जोडून साठवलेला कोड काढला, तेव्हा एसपीएन १५७, एफएमआय १८ असे निघाले. जे १९३९ या गाड्यांच्या दोषकोडांच्या पद्धतीत १५७ हा क्रमांक इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेलच्या दाबाचा असतो, आणि १८ म्हणजे तो दाब अपेक्षेपेक्षा मध्यम प्रमाणात कमी. वर्कशॉपच्या आवारात, लोड नसताना, दाब मागणीप्रमाणे अगदी बरोबर येत होता. तरीही कोड रेलच्या दाबाचा आहे, तेव्हा हाय प्रेशर पंप बदलावा, असा तिथला निष्कर्ष होता आणि त्याचा खर्च लाखाच्या घरात जात होता. दादांना वेळेची चिंता होती. "बदलायचाच असेल तर आजच बदलून टाकू, बटाट्याची लावणी लांबली तर पंपापेक्षा जास्त नुकसान होईल," असे ते म्हणाले, आणि शेतकऱ्याच्या बाजूने ते चुकीचे नव्हते.

पण कोड टंचाई जाणवली कुठे एवढेच सांगतो. टंचाई निर्माण कुठे झाली हे त्याला ठाऊक नसते. रेलचा दाब कमी पडण्याला पंप झिजणे हे एक कारण झाले. इंजेक्टरमधून परतीच्या नळीत जास्त गळती होणे, रेलवरचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह सैल होणे, पंपाच्या तोंडाशी डिझेल मोजून सोडणारा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकणे, फिल्टर चोंदणे, आणि टाकीपासून पंपापर्यंत डिझेलच पुरेसे न येणे, ही सगळी त्याच कोडची कारणे आहेत. यातले सर्वांत महाग कारण आधी धरायचे आणि सर्वांत स्वस्त शेवटी, असा क्रम मला पटेना. मी टाकीकडून पंपाकडे जायचे ठरवले आणि त्या मुलाला एक दिवस लॅपटॉप घेऊन शेतावरच बोलावले, कारण जो दोष लोडखालीच दिसतो त्याची नोंद लोडखालीच घ्यायला हवी.

त्या नोंदीतून बरेच उलगडले. काटा खाली येऊ लागला तेव्हा कंट्रोलर १,२०० बारच्या आसपास दाब मागत होता आणि रेलमध्ये ९०० च्या खालीच मिळत होता. त्याच वेळी मीटरिंग व्हॉल्व्हला अधिकाधिक उघडण्याची आज्ञा जात होती, ती जवळजवळ टोकाला पोचली तरी दाब वाढत नव्हता. दरवाजा सताड उघडला आहे आणि आत येणारेच कोणी नाही, असा त्याचा अर्थ मी घेतला. फरक काही काळ टिकला की कंट्रोलर इंजिनाच्या बचावासाठी ताकद आणखी कापतो, आणि स्विच बंद करून पुन्हा चालू केल्यावर ती कपात उठते. चहानंतर ट्रॅक्टर बरा होण्याचे निम्मे रहस्य इथे सुटले.

इथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे. जुन्या इंजिनांवर काम केलेले मिस्त्री चालू इंजिनात एकेका नॉझलच्या पाइपाचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते ओळखतात. कॉमन रेलवर असे कदापि करू नये. शेकडो बारच्या दाबाने निघालेली डिझेलची अदृश्य धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत शिरते. बाहेरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि हात गमावण्याची वेळ येते. हाय प्रेशरच्या बाजूला आम्ही पाना लावला नाही. इंजेक्टरांची तपासणी परतीच्या नळ्यांवरून केली: चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून ठराविक वेळ इंजिन चालवले आणि बाटल्यांतली पातळी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. चारही जवळपास सारख्या भरल्या होत्या. एखादा इंजेक्टर गळत असता तर त्याची बाटली उठून दिसली असती.

फिल्टरही पाहिले. पाणी वेगळे करणाऱ्या पहिल्या फिल्टरचा तळ काचेच्या बाटलीत सोडला. डिझेल स्वच्छ होते, तळाशी पाण्याचा थर नव्हता. दोन्ही फिल्टर बदलून झालेच होते, आणि बदलल्यावर अर्धा दिवस ट्रॅक्टर चांगला चालला होता. या अर्ध्या दिवसाने आमची बरीच दिशाभूल केली, कारण फिल्टर बदलल्याने गुण आला असे सगळ्यांनाच वाटले.

मग कॅनचा प्रयोग केला. चालकाच्या पायाजवळ, ट्रॅक्टरच्या टाकीच्या पातळीला येईल अशा बेताने, डिझेलचा वीस लिटरचा कॅन बांधला, फिल्टरला येणारी टाकीची नळी काढून तिच्या जागी दुसरी नळी त्यात सोडली आणि परतीची नळीही त्याच कॅनमध्ये आणली. पातळी सारखी ठेवणे महत्त्वाचे होते, नाहीतर उंचावरच्या कॅनमधून डिझेल स्वतःच्या वजनाने उतरते आणि पंपाची ओढ लपून जाते. परतीची नळी टाकीतच राहू दिली असती तर कॅन बघता बघता रिकामा झाला असता. या जोडणीवर ट्रॅक्टर तासाभराहून अधिक वेळ त्याच शेतात, त्याच खोलीवर चालला. काटा १,८०० च्या खाली किंचित हले आणि परत येई. दिवा लागला नाही. पंप, रेल, इंजेक्टर आणि फिल्टर एका फटक्यात संशयातून मोकळे झाले. दोष टाकीत किंवा टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या हातभर नळीत होता.

आमच्या इंजिनाला वेगळा विजेचा लिफ्ट पंप नाही. हाय प्रेशर पंपाला जोडलेला लहान गिअर पंपच टाकीतून डिझेल खेचतो. त्यामुळे टाकी ते पंप ही बाजू नेहमी हवेच्या दाबापेक्षा कमी दाबावर असते. अशा बाजूला सांधा सैल असला तरी डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत शिरते, आणि ओला डाग शोधणाऱ्या माणसाला काहीच सापडत नाही. म्हणून इंदूरच्या सियागंज बाजारातून व्हॅक्यूम गेज, पितळी टी (तीन तोंडांचा जोड) आणि पारदर्शक होजचा तुकडा आणला आणि टाकी व फिल्टर यांच्यामध्ये जोडला. कारखान्यात वर्षानुवर्षे जे केले तेच मडगार्डवर बसून करायचे होते, एवढाच फरक.

सुरुवातीला गेजवर ६० मिलिमीटर पाऱ्याइतकी ओढ होती. टाकीतली जाळी चोंदलेली असती किंवा नळी दबलेली असती, तर ओढ आरपीएम वाढवताच वाढली असती, कमी करताच उतरली असती, आणि पहिल्या मिनिटाला जेवढी तेवढीच तासाभरानेही राहिली असती. आमचा काटा आरपीएमला फारसा जुमानत नव्हता. तो वेळेबरोबर चढत होता. ६० चे १००, मग १५०, मग २०० झाले. २५० ओलांडल्यावर पारदर्शक होजमध्ये बारीक बुडबुड्यांची माळ दिसू लागली आणि थोड्याच वेळात आरपीएम पडायला लागले.

वेळेबरोबर वाढणारी ओढ म्हणजे कुठेतरी काहीतरी साठत किंवा रिकामे होत जाते आहे. त्याच वेळी चालकाने सहज एक गोष्ट सांगितली, जी तोवर कोणी विचारलीच नव्हती: टाकी काठोकाठ भरून निघाले की ट्रॅक्टर लवकर दबतो, आदल्या दिवशीच्या अर्ध्या टाकीवर निघाले की दुपारपर्यंत तग धरतो. वरवर उलटे वाटणारे हे वाक्य ऐकले आणि मी हिशेब मांडला. रोटाव्हेटरच्या कामात हा ट्रॅक्टर तासाला साधारण ७ लिटर डिझेल जाळतो. ६० लिटरची टाकी अर्धी असेल तर वर ३० लिटर हवा असते; बाहेरून हवा आत येतच नसेल, तर तासाभराने ती ३७ लिटर जागेत पसरते आणि तिचा दाब सुमारे पंचमांशाने घटतो. टाकी जवळजवळ भरलेली असेल आणि वर ६ लिटरच हवा असेल, तर तीच हवा तासाभरात १३ लिटर जागेत ताणली जाते आणि दाब निम्म्याहून खाली जाऊ पाहतो. प्रत्यक्षात तो तितका जात नाही, कारण प्लॅस्टिकची टाकी आत ओढली जाते आणि झाकणाच्या रबरातून थोडी हवा झिरपते, पण पंपाला हैराण करायला त्याहून पुष्कळ कमीही पुरते. डिझेल टाकीत भरपूर आणि इंजिन उपाशी, हे कोडे त्याने सुटत होते.

गेजवर २६० दिसत असताना इंजिन चालू ठेवूनच झाकणाची किल्ली फिरवायला सांगितली. झाकण पाव फेरा फिरताच मोठा सुस्कारा ऐकू आला, टाकीची आत गेलेली बाजू ठप्प आवाज करून बाहेर आली, आणि गेजचा काटा माझ्या डोळ्यांदेखत ७० च्या खाली उतरला. स्विच एकदा बंद-चालू करून कपात उठवली आणि झाकण नुसते वर टेकवून, त्याखाली स्वच्छ फडके घालून पुन्हा काम सुरू केले. संध्याकाळपर्यंत इंजिन दबले नाही.

ट्रॅक्टरबरोबर आलेले मूळ झाकण आता गाडीवर नव्हते. रात्री शेतावर उभ्या असलेल्या गाड्यांतून डिझेल चोरीला जाते म्हणून उन्हाळ्यात बाजारातले किल्लीचे झाकण बसवले गेले होते. आटे बरोबर, रबर उत्तम, कुलूप पक्के. फक्त त्यात श्वासाची वाट नव्हती. मूळ झाकणात लहानसा व्हॉल्व्ह असतो, जो डिझेल कमी होईल तशी बाहेरची हवा आत घेतो आणि टाकी तापली तर आतला दाब बाहेर सोडतो. उन्हाळ्यानंतर ट्रॅक्टर पेरणी, फवारणी आणि ट्रॉलीच्या हलक्या कामांत होता, तेव्हा रबरातून झिरपणारी हवा पुरत होती. रोटाव्हेटरला जुंपल्यावर डिझेलचा खप वाढला आणि ती पुरेनाशी झाली.

आधीच्या सगळ्या विसंगतीही मग जागच्या जागी बसल्या. फिल्टर बदलल्यावर अर्धा दिवस गुण आला, कारण नळी उघडल्यावर टाकीत हवा शिरली होती. वर्कशॉपच्या आवारात दाब नेहमी बरोबर निघे, कारण तिथे पोचल्यावर पहिले काम झाकण उघडून डिझेल पाहण्याचे असे, आणि लोडही नसे. चहाच्या वेळात थोडी हवा रबराखालून आत जाई आणि स्विच बंद केल्याने कंट्रोलरची कपातही उठे. लोक गुणाचे श्रेय दुरुस्तीला देत होते आणि प्रत्येक वेळी गुण खरे तर टाकीत हवा शिरल्याने येत होता.

बुडबुडे मात्र पूर्णपणे झाकणाच्या खाती टाकता येत नव्हते. झाकण मोकळे ठेवूनही लोडखाली अधूनमधून एखादा बुडबुडा दिसे. फिल्टरच्या आधीच्या सांध्यावर तारेचा क्लॅम्प होता आणि त्याखाली नळीचे टोक ताठरले होते. टोक बोटभर कापून स्क्रूचा क्लॅम्प बसवला, तेव्हा होज स्वच्छ झाला. अतिरिक्त ओढीमुळे हा सांधा सैल झाला की तो आधीपासूनच तसा होता, हे ठरवण्याची गरज उरली नव्हती.

विक्रेत्याकडून व्हॉल्व्ह असलेले आणि किल्लीचेही झाकण मागवले. घेताना ते तिथेच तोंडाला लावून आत ओढून पाहिले; हवा आली, तेव्हाच पैसे दिले. नवे झाकण बसवून काठोकाठ भरलेल्या टाकीवर गेज पुन्हा जोडले, तेव्हा ओढ ६० ते ८० च्या दरम्यानच राहिली. बटाट्याची उरलेली जमीन त्याच पंपावर तयार झाली आणि कोड पुन्हा आला नाही. बाजारातले बंद झाकण दादांनी फेकू दिले नाही. त्याला भोक पाडून वापरू, असे त्यांचे म्हणणे होते, पण उघड्या भोकातून धूळ आणि पावसाचे पाणी थेट डिझेलमध्ये उतरते आणि कॉमन रेलला पाणी सर्वांत घातक, म्हणून ते मी गाडीपासून दूर, शेडमधल्या फळीवर ठेवले. गेजची टी आणि पारदर्शक होजही काढून मूळ नळी लावली, कारण खेचणाऱ्या बाजूला एक जादा सांधा म्हणजे हवा शिरायला एक जादा जागा.